मागची पंगत

जळगाव, दि. ३ फेब्रुवारी २०२५

श्रीमत् सकलसुषिरवाद्यविशारद, क्लॅरोनेटकुलकमलदिवाकर, वरातमार्गप्रदीप, सहस्रनवरदेवाश्वपुरोगामी, गल्ली-क्रमांक-सप्तमाधीश्वर, पांझरातीरभूषण, 'रुपचंद ब्रास बँड, धुळे' या संस्थानाचे विद्यमान अधिपती, आमचे कनिष्ठ बंधू चिरंजीव भाईदास यांस, जळगावस्थ, पिंप्राळानिवासी, देवभाषेचे अध्यापक, संपूर्ण व संयुक्त अशा उभय संस्कृतांचे भारवाहक, इयत्ता दहावी तुकडी 'ब' चे वर्गशिक्षक अमृत रुपचंद यांचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण आहे, हे आधीच नमूद करतो. नऊ वर्षांनी भावाचे पत्र आले म्हणजे कुणीतरी गेले, असे समजून तुझ्या सौ. बेबाबाई रडू लागतील. त्यांना सांग, कुणीही गेलेले नाही. उषाचे गुडघे, माझी कंबर आणि आमच्या इमारतीची लिफ्ट वगळता सर्व काही चालू आहे.

कारण असे. पुण्याच्या एका ज्ञानकोश मंडळाने मजकडे एक नोंद सोपवली आहे. विषय : 'युरोपीय अभिजात कालखंडातील संगीत – उगम आणि विकास'. शब्दमर्यादा बाराशे, मुदत एप्रिलअखेर. आता हे काम माझ्याकडेच का, असे तुझ्या मनात येईल, माझ्याही आले. ज्यांनी ही नोंद लिहायची होती त्यांनी मध्येच अंग काढून घेतले, आणि मंडळाला परकीय संज्ञांचे संस्कृतोद्भव प्रतिशब्द पाडून देणारा मनुष्य तातडीने हवा होता. संपादकांनी दूरध्वनीवर विचारले, "संगीताशी आपला काही संबंध?" मी म्हणालो, "आमच्या घरात दोन पिढ्या पाश्चात्त्य वाद्यांची उपासना चालत आली आहे." यातला एकही शब्द खोटा नाही. संपादक महाशय भारावले. ती उपासना कोणत्या रस्त्यावर आणि कुणाच्या घोड्यापुढे चालत आली, हे त्यांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. न सांगण्यात मी किती निष्णात आहे, हे तुला ठाऊक आहे.

तर प्रतिशब्दांचा कारखाना जोरात आहे. चार तंतुवाद्यांच्या मेळाला 'तंतुचतुष्टय', सोनाटाच्या बांधणीला 'द्विविषयबंध', सिंफनीला 'सर्ववाद्यसंवाद'. क्लॅरोनेटला एकच पत्ती असते म्हणून 'एकजिव्ह सुषिर'. आबा असते तर म्हणाले असते, "मंग पिपानीच म्हन ना!"

अडचण एकाच ठिकाणी आहे. त्या काळातील वादक अगदी अस्फुट स्वरापासून प्रारंभ करून, मध्ये कुठेही न तुटता, तो पूर्ण घोषापर्यंत चढवीत नेत. याला मी 'आरोहघोष' हा शब्द सिद्ध केला आहे. परंतु हे एकजिव्ह सुषिरावर नेमके कसे साधते? ओठाने की श्वासाने? पुस्तकात लिहिलेले मला समजत नाही, आणि मला विचारता येईल असा क्लॅरोनेटवादक या पृथ्वीतलावर एकच आहे.

प्रश्न निव्वळ शास्त्रीय आहे. उत्तर दोन ओळींत दिलेस तरी चालेल. बाकीच्या विषयांना हात लावण्याची आवश्यकता नाही.

तुझा,
अमृतदादा


जळगाव, दि. २२ फेब्रुवारी २०२५

चि. भाईदास यास आशीर्वाद.

उत्तर नाही. टपाल खात्यास दोष देण्याचा मोह झाला होता, पण त्या बिचाऱ्यांनी मागील नऊ वर्षांत आपल्या दोघांचे काहीही हरवलेले नाही, कारण आपण त्यांच्याकडे काही सोपवलेच नव्हते.

तू विचारले नाहीस, तरी प्रगती कळवतो.

मी हे संगीत उषाच्या मोबाइलवर, उषाच्याच कानयंत्राने, म्हणजे इयरफोनने, ऐकतो. त्याची उजवी गोळी बंद आहे. त्यामुळे अर्धी युरोपीय परंपरा मजपर्यंत पोहोचतच नाही. परवा दुपारी डोळे मिटून बसलो होतो. उषा समोर येऊन उभी राहिली.

"काय ऐकताय?"

"अठराव्या शतकाचा उत्तरार्ध."

"गॅसवाला दोनदा बेल वाजवून गेला. तो कोणत्या शतकात परत येणार?"

या संगीताचा उगम कशात आहे, ते वाचून मला फार बरे वाटले. त्याआधीच्या काळात चार-पाच सुरावटी एकाच वेळी, एकमेकींत गुंतून, आपापले म्हणणे मांडीत चालत. आपल्या आत्या एकत्र आल्या म्हणजे जसे होई, तसे. त्यात मोठी विद्वत्ता होती. पण १७५०च्या सुमारास लोक त्या विद्वत्तेला थकले. एकच सुरावट पुढे असावी, बाकीच्यांनी तिला खांदा द्यावा, ऐकणाऱ्याला वाट सापडावी, एवढेच त्यांना हवे झाले. म्हणजे एक अख्खे युग थकव्यातून जन्माला आले. सत्तावन्नाव्या वर्षी, दहावी 'ब'चे तिसरे पीक काढीत असताना, मला याहून दिलासा देणारा इतिहास कुणी सांगितलेला नाही.

आता तुझ्या कामाचे. तुझी क्लॅरोनेट न्यूरेम्बर्ग गावी इ.स. १७००च्या आसपास घडली. पन्नासएक वर्षे तिला कुणी फारसे विचारीत नव्हते. मग मानहाइम नावाच्या संस्थानाच्या वाद्यवृंदाने तिला आत घेतले. हा वृंद इतका शिस्तीचा होता, की त्याच्या आरोहघोषाने श्रोते आसनावरून उठत म्हणतात. पुढे तर सरदारांनी जेवताना वाजवायला, बागेत वाजवायला, रस्त्यात खिडकीखाली उभे राहून वाजवायला केवळ फुंकीच्या वाद्यांचे संच पदरी ठेवले. दोन ओबो, दोन क्लॅरोनेट, दोन शिंगे, दोन बासून. म्हणजे बँडच, भाईदास. गणवेशासकट.

आणि झांज तर तुर्कांच्या फौजेतून व्हिएन्नाला पोहोचली. तिथून ती पलटणींत शिरली, पलटणींबरोबर समुद्र ओलांडून छावणीत आली, आणि कुठल्या तरी छावणीतून फिरत फिरत वयाच्या दहाव्या वर्षी माझ्या हातात पडली. एवढा प्रवास करून आलेले वाद्य मी सतराव्या वर्षी खाली ठेवले आणि जळगावला बी.ए. करायला आलो. याबद्दल आबा मला काही बोलले नाहीत. तू बोलला होतास. "दादा, आता मधला ठोका कोन दी?" असे विचारले होतेस.

द्विविषयबंध सांगून संपवतो. त्यात दोन विषय असतात. पहिला घरच्या पट्टीत सुरू होतो. दुसरा त्याच्याच मागून येतो, पण घर सोडून दुसऱ्या पट्टीत जाऊन बसतो. मग मधल्या भागात दोघांची ओढाताण होते, तुकडे पडतात, कोण कुठल्या पट्टीत आहे ते कळेनासे होते. शेवटी दोन्ही विषय पुन्हा येतात, आणि या वेळी दुसराही पहिल्याच्याच, घरच्या पट्टीत वाजतो. बस, इतकेच आहे. यातून कुणी काही अर्थ काढू नये. मी नोंद लिहितो आहे.

ओठाने की श्वासाने, हे अद्याप कळले नाही.

अमृतदादा


जळगाव, दि. ११ मार्च २०२५

चि. भाईदास,

काल उखर्डूनाना येऊन गेले. डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी जळगावला आले होते. काळा चष्मा लावून थेट आमच्या दारात. आबांच्या वेळेपासून मोठा ढोल वाहणारा हा मनुष्य चार जिने चढून आला आणि धाप मलाच लागली.

उषाने चहा ठेवला. नानांनी माझ्या टेबलावरचे कागद एका डोळ्याने न्याहाळले.

"अमृत, तू आपला बँडवर पुस्तक लिखी राहिना म्हने?"

"बँडवर नाही, नाना. युरोपातल्या संगीतावर. आणि पुस्तक नाही, बाराशे शब्द."

"बाराशे? एवढा ते भाईदास नऊ वरीसमा बोलना नही व्हई."

मी सहज विचारतो आहे असे दाखवून विचारले, "माझी पत्रं पोहोचतात ना त्याला?"

"पोचतस ना. पहिले एकला वाचस. मंग बेबाले वाची दाखाडस. बेबा हासस."

"आणि तो?"

"तो नही हासत. घडी करस नि क्लॅरोनेटनी पेटीमा ठी देस."

"काही म्हणत नाही?"

नानांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली, प्यायले. त्यांनी इतका वेळ घेतला की उषाही दारात येऊन उभी राहिली.

"म्हनस, 'दादाले मुद्दावर येवाले आजून टाइम शे.'"

उषा आत गेली. हसली असावी, बांगड्या वाजल्या.

मग नानांनी बाकीचेही सांगितले, जे तू मला कधीच सांगितले नसतेस. पंधरा कोट आहेत, माणसे आठ राहिली आहेत. ट्रम्पेटवाले दोघे सुरतेला गेले. आखाजीची, म्हणजे शुद्ध भाषेत अक्षय्य तृतीयेच्या लग्नाची, सुपारी शेवटची. त्यानंतर दुकानावरची पाटी उतरवायची आहे. आणि तुझे पुढचे वरचे दोन दात गेले आहेत, त्यामुळे क्लॅरोनेट फार वेळ धरवत नाही.

म्हणजे मी तुला दोन पत्रांत जो शास्त्रीय प्रश्न विचारीत बसलो, तो किती समयोचित होता.

नाना जाताना म्हणाले, "झांजवाला ते दोन वरीसपासून नहीच शे. बठ्ठा बँड मोकळा मोकळा वाजस."

मी त्यांना रिक्षापर्यंत सोडले. परत चार जिने चढायला मला बराच वेळ लागला.

अमृतदादा


जळगाव, दि. २९ मार्च २०२५

भाईदास,

मुद्द्यावर येतो.

काल नोंदीत एक परिच्छेद लिहीत होतो. विषय, त्या काळातील वादकाचे समाजातील स्थान. हेडन हा एवढा मोठा रचनाकार, पण राजवाड्यात त्याला गणवेश होता, पांढरे मोजे होते, केसांना भुकटी लावून रोज बाहेरच्या दालनात 'आज काय वाजवू?' म्हणून उभे राहावे लागे. मोझार्टची गोष्ट त्याहून वाईट. तो आर्चबिशपच्या लवाजम्याबरोबर व्हिएन्नाला आला होता. जेवणाच्या टेबलावर सर्वांत वर मालकाचे खासगी नोकर बसत, त्यांच्या खाली हा, आणि याच्या खाली स्वयंपाकी. त्याने वडिलांना पत्रात कळवले, की निदान स्वयंपाक्यांच्या वर बसण्याचा मान मला आहे.

हे वाक्य मी मराठीत उतरवले आणि पेन खाली ठेवले. तुला तर तेवढाही मान नव्हता. मी तुमची पंगत लावली तेव्हा स्वयंपाकी जेवून उठले होते.

मोहिनीच्या लग्नाबद्दल आजवर मी उषाला, मोहिनीला आणि स्वतःला जे सांगत आलो ते असे : व्याही सावद्याचे, केळीचे मोठे बागायतदार, त्यांनी डीजे आणला, आवाजाच्या गोंधळात भाईदासचा गैरसमज झाला. हे सगळे खरे आहे, फक्त गैरसमज सोडून. तुझा कसलाही गैरसमज झाला नव्हता.

आपल्या बँडची रीत मला माहीत होती. आबांनी घालून दिलेली. बँडमधल्या कुणाच्याही घरी मुलीचे लग्न असले, की सुपारी न घेता, आमंत्रणाची वाट न बघता, अख्ख्या बँडने कोट घालून यायचे, मांडवाच्या दारात उभे राहायचे, आणि पहिली सुरावट मुलीच्या काकाने वाजवायची. तोवर नवरदेवाने आत पाऊल टाकायचे नाही. आत्याच्या लग्नात, उखर्डूनानांच्या मुलीच्या लग्नात हेच झाले. मला माहीत होते की तू येणार. तरी मी मनाशी म्हणत होतो, की एकटा येईल, सफारी घालून येईल, पाहुण्यासारखा बसेल. 'येऊ नको' असे तोंडाने सांगण्याची हिंमत नव्हती, म्हणून मी ही सोय केली होती.

तुम्ही टेम्पोतून उतरलात. चौदा जण, मे महिन्यात, लाल कोट, गळ्यापर्यंत बटणे. तिकडून डीजेचा ट्रक येत होता. व्याह्यांनी मला विचारले, "हे कोण?"

व्याह्यांना मी सांगून ठेवले होते की माझे वडील संगीत-शिक्षक होते.

मी म्हणालो, "बँडवाले आहेत, धुळ्याचे."

तू माझ्यापासून दोन हातांवर उभा होतास. क्लॅरोनेट ओठाला लावलेली होती. तू ती खाली घेतलीस. मी तुझ्याजवळ येऊन, व्याह्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणालो, "आज नको. मागं स्वयंपाकाकडं पंगत लावलीय, पोरांना जेवायला घाल." तू फक्त एवढेच विचारलेस, "दादा, पोरीले टिळा लावी येऊ का?" आणि मी म्हणालो, "गर्दी ओसरू दे."

गर्दी ओसरली तेव्हा मी मागे आलो. टेम्पो गेला होता. चौदा पत्रावळींवर वाढलेले तसेच होते. बट्ट्यांवर तूप थिजले होते. एका पत्रावळीवरसुद्धा कुणी बोट लावले नव्हते.

नऊ वर्षे मी याला एकही चांगला संस्कृत शब्द शोधू शकलेलो नाही. मला लाज वाटली होती, एवढेच ते आहे. आधी तुझी वाटली. त्या दिवसापासून माझी वाटते.

क्षमा माग, असे कुणी मला सांगितलेले नाही. तू तर नाहीच. मी मागतो आहे. उत्तर दिले नाहीस तरी मला ते समजेल, आणि या खेपेस मी प्रश्नही विचारलेला नाही.

अमृत


जळगाव, दि. १७ एप्रिल २०२५

चि. भाईदास यास आशीर्वाद.

आज धुळे-जळगाव एसटीच्या वाहकाने स्थानकावर मला एक बोचके दिले. आत एक लाल कोट, सोनेरी पट्ट्यांचा. एक पांढरी विजार. कॅनव्हासचे पांढरे बूट. आणि वहीच्या फाटक्या पानाची चिठ्ठी : 'आखाजी, ३० तारीख. सकाळ ८. गल्ली नं. ७. झांज. – भा.'

नऊ वर्षांतील हे तुझे पहिले वाङ्मय. मी ते कितीदा वाचले हे सांगणार नाही. शैली संयत आहे. क्रियापद एकही नाही, त्यामुळे आज्ञा आहे की विनंती हे व्याकरणाने ठरवता येत नाही. मी आज्ञा धरून चाललो आहे.

कोट घालून आरशापुढे उभा राहिलो. छातीवर सैल, पोटावर घट्ट. हा कोट ज्याच्या मापाने शिवला त्याला श्वास पुष्कळ आणि भूक कमी असावी. उषाने तीन बाजूंनी पाहिले.

"शोभतोय का?"

"तुमच्या कुठल्याही सफारीपेक्षा बरा."

"मी तीन तास चालू शकेन?"

"नऊ वर्षं बसून होतात. आता चाला."

सराव सुरू केला आहे. झांज इथे नसल्याने पातेल्यांच्या दोन झाकणांवर भागवतो. खालच्या मजल्यावरून निरोप आला, की भांडी घासायची वेळ ठरवून घ्या. हात सतराव्या वर्षीचे राहिले नाहीत, पण मधला ठोका कुठे पडतो हे त्यांना अजून आठवते. मला विचारल्याशिवाय पडतो.

मोहिनीला फोनवर सगळे सांगितले. व्याह्यांना त्या दिवशी मी काय सांगितले होते, तेही. तिने शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाली, "बाबा, काकाला सांगा, माझा टिळा राहिलाय." निरोप पोहोचवला.

जळगावचे कुणी धुळ्यात भेटले आणि मला ओळखले तर काय, हा विचार मनात येऊन गेला, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. आला आणि बसून राहिला, गेलेला नाही. कोटाच्या खिशात घालून बरोबर आणीन.

अमृतदादा


जळगाव, दि. ४ मे २०२५

श्रीमत् क्लॅरोनेटकुल वगैरे वगैरे चि. भाईदास यास अनेक आशीर्वाद.

पूर्ण बिरुदावली लिहिण्याची शक्ती दंडात उरलेली नाही. उषाने चार दिवस तेल चोळले. आज प्रथमच पेन धरले.

तू जे पाहिलेस ते तुला परत सांगण्यात अर्थ नाही, पण लिहिल्याशिवाय एखादी गोष्ट घडली असे मला वाटत नाही. हा माझ्या धंद्याचा दोष समज.

मी साडेसातला गल्लीत पोहोचलो. तू शटर वर केलेस, माझ्याकडे पाहिलेस, झांजेची जोडी काढून माझ्या हातात दिलीस, आणि म्हणालास, "वरलं बटन लाव." बस. मला वाटले होते, काही तरी बोलशील. मी बोलण्यासाठी एक संपूर्ण परिच्छेद पारोळ्यापर्यंत पाठ करीत आलो होतो. तो तसाच राहिला.

नवरदेव घोड्यावर बसला. आठ माणसे आणि मी. तू पहिली सुरावट धरलीस ती इतकी हळू, की मला आधी वाटले, दात नसल्याने सूर लागत नाही. मग ती वाढत गेली. घोडेवाल्याने मागे वळून पाहिले. गल्लीतल्या बायका ओट्यावर आल्या. कुठेही तुटली नाही, आणि ती पूर्ण भरली तेव्हा मधला ठोका माझा होता, आणि तो पडला.

पाणी प्यायला थांबलो तेव्हा मी विचारले, "ओठानं की श्वासानं?"

तू तोंड पुसलेस. "पोटमाईन."

त्याच रात्री, मुदत संपायच्या आत, संपादकांना दूरध्वनीवरून नोंदीत तसेच घालायला सांगितले, 'उदरोद्भव आरोहघोष'. मंडळाने ते काढले. 'वादकांचे समाजातील स्थान' हा परिच्छेदही 'विषयाशी थेट संबंध नाही' म्हणून काढला. आता नोंद सुरेख, निर्दोष आणि बाराशे शब्दांची झाली आहे. जेवण कुणाला कुठे मिळाले याचा तीत उल्लेख नाही.

लग्नाची टाळी लागली, आणि आपल्याला मागे स्वयंपाकाकडे बसवले. वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी. तू माझ्या शेजारी बसलास. जागा दुसरीकडेही होती. दह्याची बादली घेऊन नवरदेवाचे मामा फिरत होते. माझ्यापुढे थांबून त्यांनी तुला विचारले, "मास्टर, हाई नवा दिखस. कोन शे?"

तू बट्टी चुरलीस. तूप घातलेस. माझ्याकडे बघितलेही नाहीस.

"झांजवाला शे," तू म्हणालास. "जळगावना."

मग, तोंड भरलेले असतानाच, मी म्हणालो, "मी याचा मोठा भाऊ." पण मामा दही घेऊन पुढच्या ओळीत गेले होते. कुणीही ऐकले नाही. म्हणून मी पुन्हा, मोठ्याने म्हणालो. तेव्हा एक आचारी वळून बघू लागला.

"मले ऐकू ऊनं," तू म्हणालास. "पहिलांदाच ऊनं. जेव आते."

आणि हसलास. पुढचे दोन दात नसलेले ते हसू मला अपेक्षित नव्हते. पलीकडून उखर्डूनाना म्हणाले, "दोन्ही भाऊ सारखाच शेतस. येक बोलस त्याले समजत नही, नि येकले समजस तो बोलत नही." तू माझ्या पत्रावळीवर तुझी एक बट्टी ठेवलीस. मला ती जाणे शक्य नव्हते. मी ती खाल्ली.

हेडनच्या मालकाने एकदा वादकांना महिनोन् महिने घरी जाऊ दिले नव्हते. तेव्हा त्याने अशी रचना केली, की शेवटी एकेक जण आपली मेणबत्ती विझवून उठून जातो, आणि मालकाला न बोलता कळते. दुकानात परतल्यावर एकेक जण कोट काढून ट्रंकेत घालू लागला तेव्हा मला ते आठवले. फरक एवढाच, की आपल्याला घरी जाऊ देणारा मालक कुणी नव्हता, आणि घाई कुणालाच नव्हती. पाटी तू स्वतः उतरवलीस. मी खालून धरली. ती वाटली होती त्यापेक्षा जड निघाली. मोहिनीचा निरोप मी तेव्हा पुन्हा सांगितला, आणि तू म्हणालास, "दात बसाडसू, मंग जासू सावद्याले." मोहिनीला कळवले आहे. तिने दातांच्या डॉक्टरचा नंबर पाठवला आहे. सोबत लिहिला आहे. क्लॅरोनेट घेऊन जा. नऊ वर्षे उशीर झाला असला तरी नवरदेव अजून तिथेच आहे.

आता महत्त्वाचे. कॅनव्हासचे बूट मला एक माप लहान होते, हे मी त्या दिवशी प्रसंगाचे गांभीर्य ओळखून बोललो नाही. ते काढून ट्रंकेत ठेवले तेव्हा माझ्या स्वतःच्या चामड्याच्या चपला, ज्या मी सकाळी बाकाखाली डाव्या बाजूस, भिंतीला लावून ठेवल्या होत्या, तिथे नव्हत्या. त्यांच्या जागी कुणाच्या तरी रबरी होत्या. एकीचा पट्टा तारेने बांधलेला. पाटी उतरवण्याच्या गडबडीत मी त्या घालून जळगावपर्यंत आलो. ती तार एरंडोलपासून माझ्या अंगठ्यात शिरते आहे. काल उखर्डूनानांना फोन केला. ते म्हणाले, "मना पायमा शेतस त्या मन्याच शेतस." त्या चपला मी फाल्गुनात नव्या घेतल्या होत्या आणि आखाजीच्या आदल्याच दिवशी त्यांचा अंगठा शिवून आणला होता. आठ कोटवाल्यांपैकी कुणी सुरतेला निघाला असल्यास त्याला बसस्थानकावरच गाठावे. नानांच्या पायात त्यांच्याच आहेत, तुझ्या पायात बूट होते, मग माझ्या आहेत कुठे?

अमृतदादा